ऋण शून्य

४ नोव्हेंबर, मंगळवार

…आणि डावीकडची रेघ ओलांडताच आकड्याने पुन्हा उडी मारली. तोवर सगळं सुरळीत होतं. शून्याभोवती एक वर्तुळ घ्यायचं, त्यावरून बारीक बारीक पावलं टाकत जायचं आणि प्रत्येक पावलाला वर्गमूळ छापायचं. आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने गणिती, पंतोजी, याला फेरी मारणं म्हणतात. उजवीकडून निघालो, वर गेलो, डावीकडे उतरलो. आकडे एकामागून एक, शहाण्या मुलांसारखे. मग एकाच पावलात अधिकचं उणे झालं.

ही चूक नाही. वर्गमुळाला दोन उत्तरं असतात आणि यंत्राला एकच द्यावं लागतं. शून्याभोवती पूर्ण फेरी मारून आलं तर जागा तीच येते, उत्तर मात्र दुसरं. म्हणून कुठेतरी एक रेघ आखून ठेवतात आणि ती ओलांडायची नाही असं ठरवतात. तिला छेद म्हणतात. आमच्या संग्रहातल्या, म्हणजे यंत्राला असली गणितं करून देणाऱ्या, सगळ्या फंक्शनांचा छेद शून्यापासून सरळ डावीकडे जातो. पंतोजी तरुण होते तेव्हा त्यांनी तो तिकडे ठेवला, कारण तिकडे सहसा कुणी जात नाही.

पाइपवाले नेमके तिकडेच गेले आहेत. त्यांचा पाण्याचा मोठा पाइप आहे. पाणी जोरात सोडलं की तो थरथरतो. ती थरथर पुढे जाता जाता विझते की वाढते, एवढंच त्यांना आमच्याकडून हवं आहे. उत्तर अधिक आलं तर विझते, उणे आलं तर वाढते. त्यांच्या मोजमापांचे सगळे बिंदू रेघेला चिकटून बसलेत. त्यांचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "सर, तुमचं फंक्शन आत्ता विझतंय म्हणतं आणि केसभर पुढे गेलं की वाढतंय म्हणतं. आम्ही कुणाचं ऐकायचं?" २६ तारखेला ते पूर्ण जोराने पाणी सोडून बघणार आहेत. त्याआधी त्यांना एक काय ते उत्तर हवं.

घरी आलो तर न्हाणीघरात नळ वाहत होता. ताई नळ सोडून रडते, बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. ऐकू येतं. मी रेडिओ लावला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ताईला डॉक्टरांकडे नेलं. आधी ती आत गेली, मग मला एकट्याला बोलावलं.

ताई उन्हाळ्यात माझ्याकडे, आमच्या लहानपणच्याच घरी, राहायला आली, छोटी गेल्यावर. छोटी तिची मुलगी. ताप आला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. भाऊजींनी लांब कुठेतरी बदली मागून घेतली. ते आणि ताई फोनवरही बोलत नाहीत. ताई शाळेच्या ग्रंथालयात होती, सध्या रजेवर आहे.

डॉक्टर म्हणाले, "जगावंसं वाटत नाही असं त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या. घरी कधी बोलल्या?"

"माझ्याशी नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही. उगीच कशाला आठवण करून द्यायची?"

"मुलीबद्दल काही बोलता?"

"तो विषय आम्ही घरात काढत नाही."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. गोळ्या बदलून दिल्या. झोप, जेवण, रडणं यांच्यावर लक्ष ठेवा म्हणाले, काही वेगळं वाटलं तर वेळ न घेता या. मी घरी येऊन तीन रकान्यांचा तक्ता आखला. आकड्यांचं मला जमतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. मी त्यांना शिवणकाकू म्हणतो. आज जिन्यात गाठलं. "काय रे, तुमच्या ऑफिसात काहीतरी स्पेशल फंक्शन आहे म्हणे? ताई सांगत होती. रात्रंदिवस त्याच्याच मागे आहेस."

"आहे ना. चालू आहे कधीचं."

"मग नवीन शर्ट शिवून देते की. या शर्टात जाणार आहेस का त्या फंक्शनला?"

मी समजावून सांगायला लागलो. लॉगॅरिदमपर्यंत आलो तेव्हा काकूंनी हात जोडले. घरी येऊन ताईला सांगितलं. पूर्वी ती अशा गोष्टीवर पोट धरून हसली असती. "हो का," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी तिला बळेच बाहेर काढलं. कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथून शाळेच्या मागून. शाळेच्या कुंपणावर कुणाची तरी पाण्याची बाटली लटकत राहिली होती, पिवळ्या पट्ट्याची. ताई तिच्यापाशी थांबली. मी "चल" म्हणालो तर ऐकूच गेलं नाही तिला. उद्यापासून दुसऱ्या बाजूने जाऊ. तिकडे शाळा नाही.

रडणं: दोनदा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुटलं! इतकं सोपं होतं की सकाळपासून स्वतःवरच हसतोय.

पाइपवाल्यांचे बिंदू रेघेच्या अगदी जवळ येतात, पण नेमके रेघेवर नसतात. कुणी तिच्या वरच्या बाजूला केसाचा लाखावा भाग, कुणी खालच्या बाजूला तेवढाच. एवढा लहान आकडा म्हणजे गणित करताना राहिलेला कचरा. दशांशाच्या इतक्या घरांनंतर यंत्राच्या हातून थोडं सांडतंच. मी एक ओळ घातली: अमुक मर्यादेपेक्षा लहान असेल ते सरळ शून्य धरायचं. झाडू मारल्यासारखं. सगळे बिंदू रेघेवर आले, आणि रेघ आमच्याकडे वरच्या बाजूची धरतात, त्यामुळे सगळी उत्तरं अधिक. उडी गायब. आलेख असा निघाला की त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवावा.

साहेब खूश झाले. म्हणाले, "आधीच का नाही सुचलं?" साहेबांच्या तोंडून हे म्हणजे शाबासकीच.

पंतोजी दर मंगळवारी येतात. निवृत्त झाले तरी त्यांचं टेबल अजून कुणी हलवलेलं नाही. दाराशीच म्हणाले, "काय विद्वान, उडी गेली म्हणे?"

"गेली."

"गेली, की दिसेनाशी झाली?"

मी म्हटलं, शेकडो बिंदूंवर तपासलंय. जुन्या कोष्टकांशी ताडून बघितलंय.

"कुठल्या बाजूने?"

मी स्क्रीनकडे वळलो. संग्रहातली निम्मी फंक्शनं त्यांनी लिहिली आहेत, त्यामुळे त्यांना वाटतं बाकीच्यांनी नुसती धूळ पुसावी. त्यांनी थर्मासमधला चहा स्वतःपुरताच ओतून घेतला.

ताई आज एकदाच रडली. गोळ्या लागू पडताहेत बहुतेक.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चांगला दिवस. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मी आलो तेव्हा ताईचे केस विंचरलेले होते. तिने आपण होऊन विचारलं, "आज काय केलंस रे, ठोंब्या?" ठोंब्या! कितीतरी महिन्यांनी.

"शून्यं झाडली," मी म्हटलं.

"शून्यं झाडायला पगार देतात तुला?"

"यंत्रात शून्यं दोन असतात. एक धन शून्य आणि एक ऋण शून्य."

"ऋण शून्य?" ती थांबली. "म्हणजे कुणाचं काही देणं नाही."

"तसं नव्हे गं. ऋण म्हणजे उणे. शून्यच ते, पण खालच्या बाजूने आलेलं. उण्यातून चढत चढत शून्याला पोचलेलं."

"कळलं. ग्रंथपाल आहे मी, अगदीच ढ नाही. पण शब्द छान आहे. ऋण शून्य." आणि ती हसली. अगदी खरं हसली, डोळ्यांनी.

"दोन्ही दिसतात सारखीच," मी म्हटलं. तिला ऐकायचंय म्हणून मलाही चेव आला होता. "यंत्राला विचारलं, ही दोन समान आहेत का, तर ते हो म्हणतं."

"मग ओळखायचं कसं?"

"त्याचं चिन्ह वेगळं विचारावं लागतं. तेवढे कष्ट कुणी घेत नाही. मीही झाडूनच टाकतो."

"बरं करतोस," ताई म्हणाली.

मग तिने दोन ताटं घेतली आणि आम्ही समोरासमोर बसून जेवलो. नळाचा आवाज नाही.

रडणं: शून्य.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रडणं सलग चौथ्या दिवशी शून्य.

ताईने घरातल्या दुसऱ्यांच्या वस्तू शोधून काढल्यात. शिवणकाकूंचं मोठं पातेलं, समोरच्यांची शिडी, तिच्या शाळेतल्या एका बाईंची शाल, ग्रंथालयाची दोन पुस्तकं. सगळं पुसून, घड्या घालून, ज्याचं त्याला पोचतं केलं. शिडी उचलायला मी मदत केली.

"एकदम काय हे?" मी विचारलं.

"जन्मभर पोरांच्या मागे लागले, परत करा, परत करा. आता माझी पाळी."

"ऋण शून्य," मी म्हटलं.

"ऋण शून्य," ती म्हणाली.

आमच्या दोघांचा आता हा विनोद झालाय. बरं वाटलं. पोरवयात आमचे असे पुष्कळ शब्द होते.

पाइपवाल्यांकडून पत्र आलं: सुधारित फंक्शनचे निकाल समाधानकारक, चाचणी ठरल्याप्रमाणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टर. मी तक्ता पुढे ठेवला. झोप वाढलेली, जेवण ठीक, रडणं शून्य.

"पुष्कळ फरक आहे," मी म्हटलं. "शांत असते."

"शांत म्हणजे कशी?"

"शांत म्हणजे… त्रास नाही कसला. कामं करते. हसते."

"एवढ्या लवकर?" डॉक्टर म्हणाले. बाहेर गर्दी होती. त्यांनी ताईला आत घेतलं, ती दहा मिनिटांत बाहेर आली. डॉक्टरांचे तिने नीट आभार मानले म्हणे. काउंटरवरच्या मुलीचेही मानले. त्या मुलीने विचारलं, पुढची तारीख कुठली लिहू? ताई म्हणाली, "आत्ता नको. लागली तर घेऊ."

येताना लांबच्या रस्त्याने आलो. ताईने माझा हात धरला होता, मी पहिलीत असताना धरायची तसा. म्हणाली, "तू फार केलंस रे माझं."

मी म्हटलं, "त्यात काय."

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताईने तिची बॅग उपसली. छोटीचा रंगांचा डबा आणि रेनकोट शिवणकाकूंच्या नातीला देऊन आली. मला वाटलं होतं, त्या वस्तूंना हात लावला की मोडून पडेल. काही झालं नाही. येऊन तिने हात धुतले आणि कणीक मळायला घेतली.

हा शेवटचा टप्पा असावा. यातून गेली म्हणजे गेली.

छोटीचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. तेवढं आम्ही सांभाळलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

विशेष काही नाही. ताईला झोप उत्तम. रडणं शून्य.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमाने लिहितो. नाहीतर जमणार नाही.

सकाळी पंतोजी आले, थर्मास माझ्या टेबलावर ठेवला आणि माझ्याच खुर्चीत बसले.

"ती झाडूची ओळ काढ जरा."

"काढली तर पुन्हा उडी येईल."

"येऊ दे. पाहुणी आहे, येऊन जाईल. काढ."

काढली. उडी आली.

"आता अंक वाढव. दुप्पट घरांपर्यंत गणित कर. कचरा असेल तर काय होईल?"

"आणखी लहान होईल. कधी रेघेच्या वर पडेल, कधी खाली. एका जागी राहणार नाही."

"बघ मग."

अर्धा तास लागला. आकडे आले. तो लहानसा भाग जेवढा होता तेवढाच राहिला. पाण्याचा जोर एका मर्यादेपर्यंत असला की रेघेच्या वर, त्या मर्यादेपुढे रेघेच्या खाली. एकही बिंदू इकडचा तिकडे नाही.

"पुन्हा वाढव," पंतोजी म्हणाले.

पुन्हा वाढवले. तेच.

"कचरा जागा बदलतो, बाबा. हा बदलत नाहीये. हा कचरा नाही."

मी म्हटलं, "म्हणजे उडी खरी होती."

"जोर वाढला की पाइपाची थरथर विझायची थांबते आणि वाढायला लागते. तेवढंच ते बिचारं फंक्शन सांगत होतं, बारीक आवाजात. तू त्याला शून्य केलंस. तेही साधं शून्य, चिन्ह पुसून. निदान ऋण शून्य ठेवलं असतंस तरी माझ्या जुन्या कोडने ओळखलं असतं ते कुठून आलंय. आता वाढणारी थरथर विझणारी दिसतेय."

"पण मी तपासलं होतं."

"शून्याला शून्याशी ताडून बघितलंस. सारखी निघणारच की. तपासणीत सगळे पास."

"फार लहान होतं, म्हणून सोडलं."

"लहान होतं हे बघितलंस," पंतोजी म्हणाले. "कुठल्या बाजूला होतं ते नाही बघितलंस." आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी झाकणात चहा ओतला आणि या वेळी माझ्यापुढे सरकवला.

मी इंजिनिअरला फोन लावला. उद्या पाणी सोडू नका म्हटलं.

"अहो सर, असं काय? आता कुठे सगळं शांत दिसतंय."

"शांत दिसतंय ते मी केलंय. ते शांत नाही."

त्याने कागद चाळले. मग म्हणाला, "मग आधी दिसत होतं ते?"

"आधी दिसत होतं ते खरं होतं."

उद्याची चाचणी थांबवतो म्हणाला. फोन ठेवला. साहेबांना सांगायला उठलो आणि कागद गोळा करायला लागलो. त्यांच्यात ताईचा तक्ता होता, गुरुवारी डॉक्टरांकडून आणलेला. रोज आकडा टाकायला जवळच ठेवत होतो. तिसरा रकाना वरून खाली वाचला. दोन. दोन. एक. मग शून्य, त्याच्याखाली शून्य, त्याच्याखाली शून्य, पानाच्या तळापर्यंत. सगळी माझ्या हातची. गोल, नीटनेटकी.

पंतोजी म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "घरी जातो." साहेबांना त्यांनी सांगितलं असेल.

जिन्यात शिवणकाकू दिसल्या. दाराला टेकून उभ्या होत्या, जणू माझीच वाट बघत. "बरं झालं भेटलास. तुझ्या बहिणीने ते पातेलं परत दिलं रे. मी मागितलंही नव्हतं. रंगांचा डबाही दिला. मला घेववेना, पण नातीने ओढून घेतला. आज सकाळी खाली येऊन मला म्हणाली, काकू, काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका." काकूंनी पदर बोटाला गुंडाळला होता. "तिचं माझ्याशी काय चुकणारे? असं कोण बोलतं?"

मी दोन दोन पायऱ्या चढलो.

दार उघडंच होतं. खोली झाडलेली, पलंगपोसावर एक सुरकुती नाही. ताई टेबलापाशी उभी होती, बाहेर जायच्या कपड्यांत. टेबलावर एक घडी घातलेला तपकिरी स्वेटर.

"लवकर आलास?" ती म्हणाली.

"हो."

"हा तुझा. मी कॉलेजला जाताना पळवला होता. नंतर द्यायचा राहूनच गेला. कोपराला भोक होतं, ते रफू केलंय."

"टेबलावर कशाला ठेवलास?"

"तू संध्याकाळी येशील म्हणून."

"आणि तू कुठे असणार होतीस?"

ताई स्वेटरची बाही सरळ करत राहिली.

"मला नको तो," मी म्हटलं.

"तुझा आहे."

"मला होत नाही आता. पोट बघ माझं."

ती हसली नाही. "मग देऊन टाक कुणाला तरी. माझ्याकडे कुणाचं काही राहायला नको."

"राहू दे."

"अरे पण…"

"राहू दे म्हणतोय ना. मी मागेन तेव्हा दे."

"कधी मागशील?"

"माहीत नाही. मागेन. तोवर तुझ्याकडेच राहील."

असं कसं विचारतात हे मला ठाऊक नाही. कुणी शिकवलेलं नाही. मी जसं आलं तसं विचारलं.

"ताई, तू मरायचं ठरवलंयस का?"

तिने मान वर केली. आश्चर्य वाटल्यासारखी नाही, कुणीतरी हाक मारल्यासारखी.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"तू रडत नाहीस."

ती खुर्चीत बसली. मी काय करावं ते न सुचून स्वेटर उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आणि म्हणालो, "छोटी…" पुढे काय म्हणायचं होतं ते आता आठवत नाही. बहुतेक पुढे काही नव्हतंच. पण एवढ्या महिन्यांत या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

ताई स्वेटरकडे बघून म्हणाली, "हा घालून घरभर फिरायची. बाह्या जमिनीला लागायच्या. मी भूत आहे म्हणायची."

"मग?"

"मग मी घाबरायचे. रोज घाबरायचे. एक दिवस नाही घाबरले, काम होतं हातात, तर रुसून बसली." आणि ती रडायला लागली. न्हाणीघरात गेली नाही. नळ नाही. इतका मोठा आवाज तिचा असेल असं मला माहीत नव्हतं. खाली काकूंचं मशीन थांबलेलं ऐकू आलं.

मी रेडिओ लावला नाही.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा ऊन कलत आलं होतं. ते ताईशीही बोलले. मला म्हणाले, सकाळी पहिल्यांदा इथेच आणा, आणि तोवर एक क्षणही एकटं सोडू नका. मग त्यांनी घरातल्या काही वस्तूंबद्दल विचारलं. त्या सगळ्या मी दारातूनच हाक मारून काकूंच्या हाती दिल्या. काकूंनी त्या खाली नेऊन ठेवल्या. दार लावून वर आल्या आणि ताईच्या शेजारी बसून तिचे केस मोकळे करायला लागल्या.

हे ताईच्या खोलीत बसून लिहितोय. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मधूनच बोलते, छोटीचं काहीबाही, सलग नाही. मी ऐकतो. एकदा म्हणाली, "तू नेहमीसारखं नाही का झोपवणार मला? गोळी दे, दिवा घालव, झालं." मी म्हटलं, नाही. तिला हे आवडलं की राग आला, कळलं नाही.

फेरीचं मी पहिल्याच पानावर लिहिलंय. जागा तीच येते, उत्तर दुसरं. ताई माझ्याकडे आली तेव्हा मी तिला तिचीच जुनी खोली दिली, तोच पलंग, तोच कप. आली एकदाची घरी, असं म्हणालो होतो सगळ्यांना.

आजच्या रकान्यात काय भरायचं ते सुचत नाही. कोरा ठेवलाय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. वेळ घेतलेली नव्हती, तरी पहिल्यांदा आत घेतलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. ताईने स्वेटर घातला होता. बाह्या तिलाही लांब होतात, दोन्ही दुमडून घेतल्या होत्या.